‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ होऊ नयेत म्हणून: गुंतागुंतीच्या व्यवस्थांचा अभ्यास कुठून सुरू करावा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही 27 वर्षांचे, मेकॅनिकल इंजिनिअर, पुण्यात नोकरीला. घरची कांद्या-द्राक्षाची शेती निफाड तालुक्यात. कांद्याचा भाव, विहिरीचं पाणी आणि शेतीपंपाची लाईट या तीन गोष्टी एकमेकींत कशा अडकलेल्या असतात हे लहानपणापासून बघत आलात. ‘कॉम्प्लेक्स अ‍ॅडॅप्टिव्ह सिस्टिम्स’ हे नाव अलीकडे वाचलंत आणि आपल्याला हेच शिकायचंय असं मनानं घेतलं. पण अर्थशास्त्रवाले म्हणतात आमचा पाया नाही, भौतिकशास्त्रवाले म्हणतात शेतकरी हा आमचा विषय नाही, पर्यावरणवाले विचारतात बीएस्सी कशात केलंय. त्यात तुमच्या जुन्या सरांनी बजावलं की सगळीकडे हात घालायला गेलात तर ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ होतील. मग प्रवेश घ्यायचा कुठे?

सरांची भीती खोटी नाही. मी मूळचा सिव्हिलचा, पुढे जलविज्ञान केलं, आणि गेली वीसेक वर्षं भूजल आणि शेतकऱ्यांचे निर्णय यांची एकत्र मॉडेल्स, म्हणजे संगणकावर नियम घालून केलेली नक्कल, करतो, शिकवतो. चार विषयांतले शब्द तोंडी आहेत पण एकाही विषयातलं काम हातानं करता येत नाही, अशी हुशार मुलं मी पाहिली आहेत आणि त्यांची फरपटही पाहिली आहे. तरी विभाग कोणता, हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न असा, की तुमच्या प्रश्नाला कोणकोणती माणसं लागतात, आणि त्यांच्यात बसून तुम्ही स्वतःच्या हातानं नेमकं कोणतं काम करणार. हे ठरलं की विभाग बऱ्याच अंशी आपोआप ठरतो.

आधी नावाचा अर्थ पक्का करू, कारण तो धूसर राहिला की पुढचं सगळंच धूसर होतं. तुमच्याच शिवारातली डीपी, म्हणजे मोटरींना वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, घ्या. पाणबुडी मोटर ही किचकट वस्तू आहे, पण रिवाइंडिंगवाला ती उघडतो, तार मोजतो, पुन्हा बांधतो. भाग कळले की मोटर कळली. आता एका डीपीवरच्या वीसपंचवीस मोटरी बघा. लाईट कधी दिवसा, कधी रात्री. रात्री दोनला उठून कोण जाणार, म्हणून एकानं ऑटो बसवला. लाईट आली की मोटर आपोआप चालू. त्याचं बघून दुसऱ्यानं बसवला. वर्षभरात सगळ्यांनी. आता लाईट येते त्या क्षणी सगळ्या मोटरी एकदम उठतात, आणि सुरू होताना मोटर नेहमीच्या पाचसहा पट करंट ओढते. व्होल्टेज पडतं, मोटरी गरम होतात, डीपी जळते. मग जो तो कमी व्होल्टेजवरही ओढेल अशी मोटर बांधून घेतो किंवा जास्त एचपीची टाकतो. त्यानं व्होल्टेज आणखी पडतं. महावितरण वेळोवेळी आवाहन करतं की ऑटो काढा, कपॅसिटर बसवा. पण एकट्यानं काढला तर त्याची झोप जाते आणि डीपी वाचायची ती वाचतच नाही.

यात मूर्ख कोणीच नाही. प्रत्येकानं आपल्यापुरता शहाणा निर्णय घेतला, शेजाऱ्याचं बघून घेतला, आणि त्या सगळ्या निर्णयांची बेरीज प्रत्येकाच्या पुढ्यात नवी परिस्थिती म्हणून परत आली. तिच्याशी जुळवून घ्यायला त्यानं पुन्हा काहीतरी केलं. हा फेरा म्हणजे तुमचा विषय. मोटर उघडून तो दिसत नाही आणि एका शेतकऱ्याची मुलाखत घेऊनही दिसत नाही. तो दिसायला विजेचं गणित लागतं, माणसाचं वागणं लागतं, आणि शेजारी शेजाऱ्याचं काय बघतो हेही लागतं. या अभ्यासाला अनेक विषय लागतात ते एवढ्याचसाठी. अनेक विषय एकत्र आणणं चांगलं दिसतं म्हणून कोणी आणत असेल, तर चिंध्या तिथूनच सुरू होतात.

आता एक खरं उदाहरण जरा सविस्तर सांगतो. या क्षेत्रात मला सर्वांत जास्त शिकवून गेलेलं काम हेच आहे.

बालीमध्ये ज्वालामुखीच्या उतारावर भाताची पायऱ्यापायऱ्यांची खाचरं आहेत. नद्या खोल घळीतून वाहतात, त्यांवर बांध घालून, बोगदे खोदून पाणी वळवलेलं. एका पाटावरच्या शेतकऱ्यांचा गट म्हणजे ‘सुबाक’. आणि प्रत्येक महत्त्वाच्या पाण्याच्या फाट्यावर एक देऊळ. सुबाकांचे लोक देवळात जमतात आणि लावणी कधी, कापणी कधी, कोणतं खाचर कधी रिकामं ठेवायचं हे ठरवतात. 1970 च्या दशकात हरित क्रांती आली. नवं बियाणं, खत, कीटकनाशक, आणि जमेल तितक्या वेळा भात घ्या असा सरकारी आग्रह. देवळांचं वेळापत्रक हा धार्मिक भाग समजून बाजूला पडला. काही हंगामांतच पाण्याची ओढाताण सुरू झाली आणि तपकिरी तुडतुडे, उंदीर, विषाणूरोग यांनी पिकं खाल्ली.

स्टीफन लान्सिंग हे मानववंशशास्त्रज्ञ तिथे या देवळांचा अभ्यास करत होते. देवळांत जे ठरतं त्याचा शेतीशी खोल संबंध आहे हे त्यांना दिसत होतं, पण इंजिनिअर आणि नियोजनकार मानतील असा पुरावा त्यांच्या शास्त्रात नव्हता. त्यांनी जेम्स क्रेमर यांना सोबत घेतलं. क्रेमर होते सागरी परिसंस्थांची मॉडेल्स करणारे. भात हा त्यांचा विषय नव्हता. पण अन्न, वस्ती, वाढ, स्थलांतर यांचा हिशेब कसा मांडायचा हे त्यांच्या हातात बसलेलं होतं.

दोघांनी प्रश्न कुठवर आणला ते बघा. सगळ्या सुबाकांनी एकाच वेळी लावणी केली तर कापणीनंतर मोठा पट्टा एकदम रिकामा होतो, किडीला खायला काही उरत नाही, ती मरते. पण मग पाणीही सगळ्यांना एकाच आठवड्यात लागतं, आणि तेवढं नदीत नसतं. उलट प्रत्येकानं आपापल्या वेळी लावलं तर पाणी पुरतं, पण कीड या खाचरातून त्या खाचरात बारमाही नांदते. म्हणजे किती जणांनी मिळून एकत्र चालायचं, हा खरा प्रश्न. त्यांनी ऊस आणि पेतानू या दोन नद्यांमधले 172 सुबाक मॉडेलमध्ये घातले (‘ऊस’ हे तिथल्या नदीचं नाव, आपल्या उसाशी संबंध नाही), पाऊस, प्रवाह, भाताची वाढ, कीड असं सगळं जोडलं, आणि एकेकट्यानं चालण्यापासून सगळ्यांनी एकत्र चालण्यापर्यंत वेगवेगळ्या पातळ्या तपासल्या. सर्वांत चांगलं उत्पन्न मधल्या पातळीवर आलं, आणि ती पातळी देवळांच्या प्रत्यक्ष गटांशी जुळणारी होती.

मला जास्त मोलाची वाटते ती पुढची पायरी. त्यांनी मॉडेलमधल्या सुबाकांना कोणतंही देऊळ दिलं नाही. प्रत्येकाला एखादं पीकवेळापत्रक चिठ्ठ्या टाकल्यासारखं दिलं आणि एकच नियम घातला: वर्ष संपलं की शेजारी बघ, ज्याचं उत्पन्न सर्वांत चांगलं त्याचं वेळापत्रक उचल. थोड्याच फेऱ्यांत नकाशावर एकसारख्या वेळापत्रकाचे ठिपके तयार झाले, आणि ते देवळांच्या जाळ्यासारखे दिसू लागले. म्हणजे ही व्यवस्था कोणा राजानं वरून आखलेली असायलाच हवी असं नाही, शेजाऱ्याकडे बघत बघतही ती उभी राहू शकते. हे काम 1993 साली प्रसिद्ध झालं. 2012 मध्ये बालीचा सुबाक प्रदेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला.

दोघांपैकी कोणीही आपलं शास्त्र सोडलं नाही, हे यात बघण्यासारखं आहे. लान्सिंग यांनी देवळांत बसून काढलेली वर्षं नसती तर मॉडेलमध्ये काय घालायचं हेच कळलं नसतं. क्रेमर यांचा हात नसता तर देवळांचं महत्त्व ही एक सुंदर गोष्ट म्हणून राहिली असती. आणि दोघांनाही एकाच प्रश्नानं बांधलेलं होतं: किती जणांनी एकत्र चालायचं?

आपल्याकडे हे अगदी परकं नाही. धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम या नद्यांवरची फड पद्धत तुम्ही घरी ऐकली असेल. बंधाऱ्याखालची जमीन फडांत वाटलेली, एका फडात एका हंगामात एकच पीक, कोणत्या फडाला काय ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं, आणि पाणी सोडायला पाटकरी. पाणी कमी असलं की एखादा फड पडीक, तोटा सगळ्यांचा वाटून. वरच्या अंगाला धरणं झाली, विहिरी वाढल्या, तशी ती क्षीण होत गेली. पुरंदरात 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीत पाण्याचा हक्क जमिनीपासून सोडवून माणसाला जोडला, भूमिहीनालाही वाटा दिला, आणि ऊस बंद ठेवला. साळुंखे स्वतः इंजिनिअर आणि कारखानदार होते. बाली वाचताना ही दोन उदाहरणं शेजारी ठेवून वाचा, खूप काही सुचेल.

आता मी स्वतः कुठे चुकलो ते सांगतो, कारण शिक्षणाबद्दलचं माझं मत त्या चुकीतून बनलंय.

सुरुवातीच्या काळात मी एका मोठ्या प्रकल्पात होतो. पाच विषयांचे पाच गट, एक पाणलोट, तीन वर्षं. बैठका नियमित झाल्या, सगळे एकमेकांशी आदरानं बोलले. शेवटी अहवालात पाच प्रकरणं आली. भूजलाच्या माझ्या प्रकरणात उपसा हा वरून दिलेला आकडा होता. अर्थशास्त्राच्या प्रकरणात पाणी हा वरून दिलेला आकडा होता. माझा आकडा त्यांना लागत होता आणि त्यांचा मला, पण आम्ही ते कधी जोडलेच नाहीत, कारण आम्हाला एकत्र बांधणारा एक प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. प्रत्येकाला आपापला प्रश्न होता. ती तीन वर्षं मला अजून खटकतात.

दुसरं काम सिन्नर तालुक्यातल्या एका गावचं. बोअरवेल कशा वाढतात याचं मॉडेल. मी नियम घातला होता: विहिरीची पातळी अमुक खाली गेली आणि हातात पैसा असला की शेतकरी बोअर घेतो. तर्काला धरून होतं. मॉडेलमध्ये बोअर वर्षागणिक संथ चढत गेल्या. प्रत्यक्षात गावात तसं झालंच नव्हतं. दोनदोन वर्षं काही नाही, आणि मग एका आठवड्यात एकाच आळीत चारपाच. मी पावसाच्या आकड्यांत कारण शोधत बसलो होतो.

आमच्यासोबत समाजशास्त्राची एक विद्यार्थिनी होती, ती गावात खोली घेऊन राहिली होती. तिनं वहीत एका आजोबांचं बोलणं जसंच्या तसं उतरवून आणलं: “पोरी, पाणी खाली गेलं म्हणून कोण बोअर घेतंय? शेजारच्या बांधावर गाडी लागली ना, की रातभर झोप लागत नाही.” मग तिनं उलगडून सांगितलं. बोअरची गाडी गावात येते ती कोणा एकाच्या बोलावण्यावर. एजंट आजूबाजूला फिरतो, गाडी आलीच आहे, आणखी दोघंतिघं झाले तर फुटाचा दर कमी करतो म्हणतो. पाणाड्याही त्याच दिवशी नारळ घेऊन हजर असतो. आणि शेजाऱ्याच्या बोअरनं आपली विहीर ओढली जाणार ही धास्ती असतेच. म्हणजे निर्णय पाण्याच्या पातळीवर होत नव्हता, गाडीच्या अंतरावर होत होता.

नियम बदलला. ‘जवळपास गाडी आली आहे का’ एवढं घातलं, आणि मॉडेलमध्ये बोअर गुच्छागुच्छानं येऊ लागल्या, गावात आल्या तशा. सल्लाही बदलला. पातळीचे फलक लावून लोक थांबतील असं मी आधी धरून चाललो होतो. आता माझं मत असं झालं, की ग्रामसभेनं जे ठरवायचं ते पहिली गाडी यायच्या आत ठरवायला हवं, गाडी लागल्यावर कोणी कोणाचं ऐकत नाही. हिवरे बाजारनं सिंचनासाठी बोअर आणि ऊस-केळी यांवर गावानं मिळून बंदी घातली आणि दर वर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवली. त्या शिस्तीचं महत्त्व मला त्या वहीनंतर खऱ्या अर्थानं कळलं.

त्या मुलीला समीकरणं लिहिता येत नव्हती. मला आजोबांकडून ते वाक्य काढता आलं नसतं. पण तिचं वाक्य ऐकून माझ्या कोडमधली नेमकी कोणती ओळ चुकली हे मला कळलं, आणि माझा आलेख बघून कोणती गोष्ट पुन्हा विचारायला जायचं हे तिला कळलं. एवढं झालं तरच मी त्याला आंतरविद्याशाखीय संशोधन म्हणतो.

म्हणून तुम्हाला माझं सांगणं असं, की एक हत्यार तुमच्या हातात पक्कं हवं. तुमच्या बाबतीत ते बहुधा गणिती मॉडेल आणि प्रोग्रामिंग असेल, कारण इंजिनिअरिंगमुळे निम्मी वाट चाललेली आहे. डिफरन्शियल इक्वेशन्स पुन्हा काढा, पण खरी मेहनत संभाव्यता आणि संख्याशास्त्रावर करा, आपल्याकडे इंजिनिअरांचं तेच कच्चं राहतं. पायथन येत असेलच. सोबत नेटलोगो हे अशी मॉडेल्स करायचं सॉफ्टवेअर घ्या. युरी विलेन्स्की यांनी 1999 मध्ये आणलेलं, फुकट मिळतं, आणि त्याच्या सोबत लांडगे-मेंढ्या, मुंग्या, वाहतूक अशी तयार मॉडेल्स येतात. ती नुसती चालवून बघू नका. एकेक नियम काढून टाका आणि काय मोडतं ते बघा.

दुसरं, समोरच्या विषयाचं एक तरी मूळ गणित हातानं केलेलं हवं, वाचलेलं नव्हे. भूजलाचं एक देतो. महाराष्ट्राचा बराचसा भाग बेसॉल्टवर आहे. या खडकात उपसता येण्याजोगं पाणी एकूण आकारमानाच्या साधारण 1 ते 3 टक्केच असतं. 2 टक्के धरा. एक हेक्टरखाली पातळी 1 मीटर उतरली तर मिळालं 200 घनमीटर पाणी. त्याच हेक्टरला 5 सेंटिमीटरची एक पाळी द्यायला लागतं 500 घनमीटर. म्हणजे एका पाळीसाठी त्या हेक्टरखालची पातळी अडीच मीटर उतरते. गाळाच्या, वाळूच्या जमिनीत तेवढ्याच पाण्याला पातळी कितीतरी कमी उतरते. हे एकदा हातानं केलं की आपल्याकडे शेजाऱ्याची मोटर आपल्या विहिरीत इतक्या लवकर का जाणवते ते कळतं, आणि पंजाबातल्या पाण्याचे निष्कर्ष सिन्नरला का लावू नयेत तेही.

तुमच्या कांद्याचंही असंच एक मूळ गणित अर्थशास्त्रात आहे. गेल्या हंगामाचा भाव बघून या हंगामाचं क्षेत्र ठरवलं की भाव वर-खाली होत राहतो, याला कॉबवेब म्हणजे कोळ्याच्या जाळ्याचं प्रमेय म्हणतात. मॉर्डेकाय इझिकिएल यांनी 1938 मध्ये ते नीट मांडलं. त्यातली उणीव अशी, की सगळे शेतकरी एकसारखा विचार करतात असं ते धरतं. तुमच्या गावात भाव पडल्यावर मुद्दाम जास्त लावणारे चारजण नक्की असतील. अर्थशास्त्रज्ञ ब्रायन आर्थर यांनी 1994 मध्ये नेमका हा धागा पकडला. अमेरिकेतल्या सांता फे गावातल्या एल फारोल या बारचं उदाहरण घेतलं: 100 माणसं, 60 पेक्षा कमी आली तर मजा, जास्त आली तर गर्दी, आणि प्रत्येकानं घरी बसून अंदाज बांधायचा. सगळ्यांचा अंदाज एकच असेल तर तो हमखास चुकतो. त्यांनी प्रत्येकाला वेगवेगळ्या अंदाजांची पोतडी दिली, जो चालतो तो वापरायचा, चुकला की बदलायचा. उपस्थिती सरासरी साठच्या आसपास स्थिरावली, आणि आतली माणसं मात्र सतत बदलत राहिली. 1997 मध्ये दोन भौतिकशास्त्रज्ञांनी, शाले आणि झांग यांनी, ते आणखी सोपं करून मांडलं आणि पुढे त्यावर भौतिकशास्त्रातली जड हत्यारं चालली. तुमचा कांदा म्हणजे हाच बार आहे, फक्त यात कांदा साठवायची चाळ आहे, व्यापारी आहे आणि सरकारही आहे. डिसेंबर 2023 मध्ये निर्यातबंदी आली, मे 2024 मध्ये उठली. सरकारला मॉडेलच्या बाहेर ठेवू नका. भाव बघून तेही जुळवून घेतं, आणि सरकार काय करेल याचा अंदाज बांधून शेतकरीही.

तिसरं, शेत आणि वही. मुलाखत घेणं, गप्प बसणं, बोललेलं शब्दशः उतरवणं हे कौशल्य आहे, आणि इंजिनिअरिंगमध्ये ते कोणी शिकवत नाही. ते समाजशास्त्राच्या माणसाकडून रीतसर शिका. असं शिकणं कसं असावं याचं एक उदाहरण सांगतो. एलिनॉर ऑस्ट्रॉम राज्यशास्त्राच्या, लॉस एंजेलिसजवळच्या एका भूजल खोऱ्यातल्या भांडणांवर त्यांनी पीएचडी केली, 2009 मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. इंडियाना विद्यापीठात त्यांनी आणि त्यांचे पती व्हिन्सेंट यांनी 1973 मध्ये जे केंद्र काढलं त्याला ‘वर्कशॉप’ नाव दिलं, सुताराच्या कार्यशाळेच्या अर्थानं. तिथे विद्यार्थी आणि प्राध्यापक एकाच बाकावर काम करत शिकत. या विषयाचं शिक्षण असंच व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं. नुसत्या व्याख्यानांनी ते होत नाही.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. तुम्हाला विद्यापीठात प्राध्यापक व्हायचं असेल तर पदवी एका जुन्या, ओळखीच्या विषयाची घ्या आणि प्रबंधाचा प्रश्न मोकळा ठेवा. आपल्याकडे नेट ही पात्रता परीक्षा आणि नेमणुका विषयवार चालतात, मिश्र नावाच्या पदवीला पात्रतेच्या फेऱ्यांत अडथळे येतात. संस्था, प्रकल्प, धोरण अशा ठिकाणी काम करायचं असेल तर ही अट सैल होते. घरी कर्ज असेल, आईवडील तुमच्यावर अवलंबून असतील, तर नोकरी सोडून पीएचडी हा सल्ला मी इथून देणार नाही. दोन वर्षं संध्याकाळी काम करून एक नेटकं मॉडेल उभं करता येतं, आणि प्रवेशाच्या वेळी ते कुठल्याही निवेदनापेक्षा जास्त बोलतं. मार्गदर्शकाचंही तसंच. तो कोणत्या विभागाचा आहे यापेक्षा त्यानं दुसऱ्या विषयाच्या माणसाबरोबर कधी खरोखर काम केलंय का, हे त्याच्या विद्यार्थ्यांना विचारा.

जागांची नावं थोडक्यात. आयआयटी मुंबईचं सितारा हे केंद्र ग्रामीण तंत्रज्ञानाचं आहे, तुमच्या प्रश्नाला सर्वांत जवळचं, इंजिनिअरला सोयीचं. गणिती बाजू पक्की करायची तर आयसर पुणे. वाळूच्या ढिगाच्या मॉडेलवर मूलभूत काम केलेले आणि 2022 मध्ये बोल्ट्झमन पदक मिळालेले पहिले भारतीय, दीपक धर, टीआयएफआरनंतर तिथेच आले. एक एक कण टाकत गेलं की ढीग कधी थोडासा घसरतो, कधी सगळा, आणि दोन्ही एकाच नियमानं, हे त्या मॉडेलचं मर्म. बंगळुरूचं अट्री परिसंस्था आणि समाज एकत्र घेऊन पीएचडी करवतं. परदेशात सांता फे इन्स्टिट्यूट 1984 पासून आहे. तिथे विभाग नाहीत आणि पदवीही मिळत नाही, पण त्यांचे ऑनलाइन अभ्यासक्रम फुकट आहेत, प्रवेशाआधी त्यातला प्राथमिक एक पूर्ण कराच. पदवीच हवी तर अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठात ‘कॉम्प्लेक्स अ‍ॅडॅप्टिव्ह सिस्टिम्स’ याच नावाचं स्वतंत्र स्कूल आहे.

एक सावधगिरी. मॉडेल जमू लागलं की त्यात आणखी नियम घालायचा मोह होतो. चाळीस नियमांचं मॉडेल काहीही दाखवू शकतं, म्हणून ते काहीच दाखवत नाही. मी विद्यार्थ्यांना सुरुवातीला तीनच नियम देतो, आणि मॉडेल कोडशिवाय, साध्या भाषेत दोन पानांत लिहायला लावतो. फोल्कर ग्रिम आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये यासाठी ओडीडी नावाचा ठरावीक आराखडा दिला, तोच वापरा. आणि पुढच्या वर्षीचा भाव सांगा असं कोणी म्हणालं तर सांगू नका. अशा व्यवस्थेत मॉडेल आकडा सांगत नाही. काय काय होऊ शकतं, आणि कोणता नियम बदलला की चित्र पालटतं, एवढं ते सांगतं. गावाला निर्णय घ्यायला ते पुष्कळदा पुरतं.

प्रवेशाचे अर्ज भरायच्या आधी एक काम करा. उन्हाळ कांद्याचं रोप टाकायचं घरात ठरतं, त्या दिवसांत निफाडला जा. किती पायली बी टाकायचं यावर वडील, चुलते, शेजारी काय बोलतात ते शब्दशः लिहून घ्या. कोण कोणाचं नाव घेतो, कोणत्या वर्षाच्या भावाची आठवण काढतो, कोणाच्या चाळीकडे बोट दाखवतो, चाळीत सडलेल्या कांद्याचा विषय कोण काढतो. मध्ये बोलू नका. मग त्या पानांतून तीन नियम काढा, त्यावर छोटं मॉडेल करा, आणि छापून वडिलांना दाखवा. ते जिथे “असं नसतं रे” म्हणतील ती ओळ अधोरेखित करून मला इथेच पाठवा. पुढचं आपण त्या ओळीपासून बोलू.